सालीवरचा अर्ज, कॅनव्हासवरचा सातबारा

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनात काचेआड झाडाच्या सालीचे दोन तुकडे जपून ठेवलेले आहेत. दोन्हींच्या मध्यभागी टंकलिखित मजकुराचा कागद चिकटवलेला असून भोवती गेरू, पिवळी माती, पांढरी चिकणमाती आणि कोळसा यांनी रंगवलेली किनार आहे. त्या किनारीत मासे, सरडे, साप, कासवे आणि बारीक जाळीदार रेषा दिसतात. मजकूर दोन भाषांत आहे. पाहणाऱ्याला प्रथम वाटते की हा एखाद्या सणासमारंभाचा सजवलेला कागद असावा. वस्तुतः तो जमिनीचा अर्ज आहे, आणि ज्यांनी तो केला त्यांच्या दृष्टीने अर्जाचा खरा मजकूर मधल्या कागदावर नसून कडेच्या किनारीत होता.

ही गोष्ट चित्रांची आहे. मात्र ती एका चित्रकाराची नाही, आणि भिंतीवर टांगण्यासाठी काढलेल्या चित्रांचीही नाही. अनेकांनी एकत्र बसून, आपापल्या हक्काची जागा सांभाळून चित्रे केली आणि ती संसदेसमोर किंवा न्यायाधिकरणासमोर दस्तऐवज म्हणून ठेवली. समोरच्याची भाषा येत नसेल, आणि समोरच्याला आपली भाषा शिकण्याची गरज वाटत नसेल, तर आपले म्हणणे मांडायचे कसे, हा प्रश्न त्या मागे होता.

उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला यिर्कला नावाचे गाव आहे. तेथील मूळ रहिवासी स्वतःला योल्ङू म्हणवतात. (मराठी मुलांकडून मुळाक्षरांत पाठ करून घेतले जाणारे आणि पुढे 'वाङ्मया'पुरते उरणारे ङ हे अक्षर या लोकांच्या नावाला मात्र अचूक लागू पडते. रोमन लिपीत त्यासाठी वेगळे चिन्ह आणावे लागले.) 1931 मध्ये आर्नहेम लँड हा आदिवासींसाठी राखीव प्रदेश म्हणून घोषित झाला आणि 1935 मध्ये यिर्कला येथे मेथॉडिस्ट मिशन सुरू झाले. राखीव या शब्दाचा अर्थ सरकारच्या लेखी असा की, जमीन राजसत्तेची, आणि तिच्यावर राहण्याची मुभा आदिवासींना. योल्ङूंच्या लेखी असा काही प्रश्नच नव्हता. जमीन कोणत्या कुळाची, कोणत्या पाणवठ्यापाशी कोणाचा अधिकार सुरू होतो आणि कोणाचा संपतो, हे त्यांना गाण्यांतून, नृत्यांतून आणि चित्रांतून ठाऊक होते.

येथे चित्रांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. योल्ङू समाज धुवा आणि यिरिचा अशा दोन अर्धांत विभागलेला आहे. प्रत्येक माणूस, कूळ, प्राणी, वारा आणि जमिनीचा प्रत्येक तुकडा या दोहोंपैकी एकात मोडतो, आणि विवाह नेहमी दुसऱ्या अर्धात होतो. प्रत्येक कुळाची स्वतःची रेखाटणे असतात. चौकटींची एक विशिष्ट जाळी एका कुळाची, तीच जाळी किंचित निराळ्या कोनात आली की दुसऱ्या कुळाची. ही रेखाटणे पूर्वजांनी जमीन घडवताना मागे ठेवली अशी श्रद्धा आहे, म्हणून ती कोणीही काढू शकत नाही. ज्याला अधिकार आहे त्यानेच काढायची, आणि आईच्या कुळाकडून नाते असलेल्यांनी ती बरोबर निघतात ना हे पाहायचे. आपल्याकडे सातबाऱ्यावर जसे कब्जेदाराचे नाव, तशी सालीवर ही जाळी. फरक इतकाच की सातबारा तलाठ्याच्या हातचा, आणि ही नोंद धारकाने स्वतः रंगवायची. रंगवणे ही कृतीच अधिकार बजावण्याची कृती होती.

1962 साली यिर्कला येथे नवे चर्च उभे राहत होते. तेव्हा सोळा ज्येष्ठ योल्ङू चित्रकारांनी दोन भव्य फलक करायला घेतले. सुमारे बारा फूट उंचीच्या या फलकांपैकी एक धुवा कुळांनी रंगवला आणि दुसरा यिरिचा कुळांनी. दोन्ही बाजूंना आठ-आठ जण होते. प्रत्येक कुळाने फलकाचा आपला भाग घेतला आणि आपल्या भूमीची कथा आपल्या जाळीत भरली. पूर्वी विधींपुरती राखलेली रेखाटणे अशा उघड्या जागी प्रथमच मांडली गेली. वेदीच्या दोन्ही बाजूंना हे फलक उभे राहिले. मिशनऱ्यांच्या देवघरात योल्ङूंनी आपल्या जमिनीचे संपूर्ण दप्तर आणून ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सामूहिक चित्रकला म्हटली की सगळ्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले असे एक गोड चित्र डोळ्यांसमोर येते. येथे तसे काहीच नव्हते. कोणी कोणाच्या भागात हात घातला नाही, आणि सगळे एकत्र राहिले ते त्यामुळेच.

फलक पूर्ण होत होते त्याच सुमारास, फेब्रुवारी 1963 मध्ये, पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांच्या सरकारने राखीव प्रदेशातून तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वगळण्याचे जाहीर केले. योल्ङूंना कोणी विचारले नव्हते. विचारायचे असते तरी कोणत्या भाषेत विचारणार होते, हा प्रश्न कॅनबेरात कोणाला पडल्याचे दिसत नाही.

त्या वर्षी जुलैमध्ये मजूर पक्षाचे दोन खासदार, थोरले किम बीझली आणि गॉर्डन ब्रायंट, यिर्कलाला आले. बीझलींनी चर्चमधले फलक पाहिले आणि संसदेकडे अर्ज करायचा तर तो सालीवर, अशाच चित्रांनी वेढलेला असावा, असे सुचवले. सूचना त्यांची, परंतु तिचा अर्थ त्यांच्यापेक्षा योल्ङूंना अधिक नेमका कळला. मिशनचे प्रमुख एडगर वेल्स यांच्या टंकलेखनयंत्रावर मजकूर टंकलिखित झाला, गुमाच या योल्ङू बोलीत आणि इंग्रजीत. ज्येष्ठांनी साली रंगवल्या. एकीची किनार धुवा, दुसरीची यिरिचा. अशा चार प्रती झाल्या.

मजकुराचा स्वर विनम्र आहे. जमीन वगळण्याचा व्यवहार आम्हाला कधी समजावून सांगितला नाही, तो आमच्यापासून लपवून ठेवला. ही जमीन पूर्वापार आमच्या शिकारीची आणि अन्न गोळा करण्याची आहे. आमचा जन्म येथलाच, आणि आमची पवित्र स्थळे येथेच आहेत. पूर्वी जे लाराकिया लोकांचे झाले तेच आमचे होईल अशी भीती वाटते, अशा अर्थाची ती कैफियत आहे. लाराकिया म्हणजे आजच्या डार्विन शहराच्या जागी राहणारे लोक. शेवटी मागणी अशी की, निर्णयापूर्वी संसदेने समिती नेमावी आणि तिच्याबरोबर सक्षम दुभाषे पाठवावेत. या अर्जातला सर्वात धारदार शब्द 'दुभाषे' हाच आहे. आम्ही तुमच्या भाषेत लिहिले आहे, आता तुम्ही आमच्या भाषेत ऐकण्याची व्यवस्था करा, असा त्याचा आशय.

14 ऑगस्ट 1963 रोजी अर्ज प्रतिनिधिगृहात मांडला गेला. त्यावर बारा सह्या होत्या, नऊ पुरुषांच्या आणि तीन स्त्रियांच्या. सह्या करणारे बहुतेक तरुण होते, कारण मिशनच्या शाळेत लिहायला शिकलेले तेच होते. प्रदेशमंत्री पॉल हॅसलक यांनी नेमके तेच बोट ठेवले. ही माणसे अल्पवयीन, त्यांना जमातीच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. यातला पेच पाहण्यासारखा आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे राज्यसत्ता ऐकणार नाही, आणि ज्यांना लिहिता येते ते प्रतिनिधी नाहीत. दोन आठवड्यांनी, 28 ऑगस्टला, दुसरा अर्ज आला. त्यावर ज्येष्ठांच्या अंगठ्यांचे ठसे होते. त्याच ज्येष्ठांनी किनारीत आपापल्या कुळाची मोहोर आधीच उमटवलेली होती. ती मोहोर वाचण्याची अक्षरओळख मात्र मंत्र्यांना नव्हती.

समिती नेमली गेली, यिर्कलाला गेली, लोकांचे ऐकले. नुकसानभरपाई म्हणून जमीन द्यावी, पवित्र स्थळे राखावीत आणि या सर्वांवर संसदेने पुढे दहा वर्षे लक्ष ठेवावे अशा शिफारशी तिने केल्या. सरकारने त्या बहुतांशी बासनात ठेवल्या. वेल्स यांना मिशनच्या वरिष्ठांनी यिर्कलाहून हलवले. 1968 मध्ये नबाल्को कंपनीला खाणीचा पट्टा मिळाला.

मग योल्ङू न्यायालयात गेले. पहिल्या अर्जावर सही करणारे मिलिरपुम हे मुख्य वादी, म्हणून खटला 'मिलिरपुम विरुद्ध नबाल्को' या नावाने ओळखला जातो. दुभाषा म्हणून उभा राहिला गलारवुय युनुपिंगू हा विशीतला तरुण. चर्चच्या यिरिचा फलकावर काम केलेल्या मुंगुरावुय यांचा तो मुलगा. 1963 मध्ये मागितलेला दुभाषा अखेर योल्ङूंनाच आपल्या घरातून द्यावा लागला. एरवी बाहेरच्यांना न दाखवल्या जाणाऱ्या पवित्र वस्तूही न्यायाधीशांसमोर आणल्या गेल्या, कारण योल्ङूंच्या दृष्टीने मालकीचा याहून मोठा पुरावा नव्हता.

न्या. रिचर्ड ब्लॅकबर्न यांनी 1971 मध्ये दिलेला निकाल सहजासहजी टाकून देता येत नाही. योल्ङूंची व्यवस्था सूक्ष्म आहे, सुघटित आहे, ती कायद्याचीच व्यवस्था आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले. आणि तरीही दावा फेटाळला. इंग्रजी कायद्यातील मालमत्ता म्हणजे वापरण्याचा, इतरांना वगळण्याचा आणि विकण्याचा अधिकार. योल्ङूंचे नाते त्या साच्यात बसत नव्हते. जमीन कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचे आहे असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल, या आशयाचे निरीक्षण न्यायमूर्तींनी नोंदवले. योल्ङूंचे म्हणणे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडले असेल, आणि नेमके तेच त्यांच्या विरोधात गेले. पुरावा कमी पडला नव्हता. एका शब्दाची व्याख्या आड आली होती.

याच दशकातली एक छोटी घटना येथे नोंदवावीशी आहे. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने पौंडाऐवजी डॉलर आणला. एक डॉलरच्या नोटेवर मध्य आर्नहेम लँडमधील चित्रकार डेव्हिड मलंगी यांच्या सालीवरील चित्रातून घेतलेले रेखाटन छापले गेले. ते चित्र अंत्यविधीच्या कथेचे होते. मलंगी हयात होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेने त्यांना मानधन आणि पदक दिले. देशाच्या चलनावर छापण्याइतके चित्र मौल्यवान, आणि ते कोणाच्या तरी मालकीचे असू शकते ही कल्पना मात्र कोणाच्या डोक्यात आली नाही. खाणीच्या निर्णयामागची आणि नोटेमागची वृत्ती एकच होती.

खटला हरला, पण त्या पराभवाने लोकमत ढवळले. चौकशी आयोग बसला आणि 1976 मध्ये उत्तर प्रदेशापुरता (तेथील उत्तर प्रदेश, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी) आदिवासी भूमी हक्क कायदा झाला. खाण मात्र होती तेथेच राहिली. चर्चमधल्या फलकांचे नशीबही फारसे बरे नव्हते. सत्तरच्या दशकात ते चर्चमधून काढून बाहेर टाकण्यात आले. पुढे ते वाचवले गेले, आणि आज यिर्कलाच्या बुकू-लारङ्गाय मुल्का या कलाकेंद्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन आहे.

या केंद्राशी निगडित चित्रकारांनी 1963 ची युक्ती पुन्हा एकदा वापरली. 1996 मध्ये एका पवित्र स्थळी, समुद्रकाठच्या मगरीच्या घरट्यांच्या जागी, बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा तळ आढळला. तेथे गोणपाटात बांधलेले मगरीचे कापलेले मुंडके पडलेले होते. मगर ही त्या कुळाची पूर्वज. उत्तरादाखल 47 चित्रकारांनी सालीवर 80 चित्रे केली. समुद्राचे, भरती-ओहोटीच्या पट्ट्याचे, खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या संगमाचे प्रत्येक कुळाच्या अधिकाराचे असे ते चित्रबद्ध सीमांकन होते. 'सॉल्टवॉटर' या नावाने ती देशभर फिरली. 2008 मध्ये ब्लू मड बे खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आदिवासी भूमीला लागून असलेल्या ओहोटीच्या पट्ट्यावरील पाण्यातही परवानगीवाचून मासेमारीसाठी शिरता येणार नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या किनाऱ्याचा सुमारे 80 टक्के भाग त्याखाली आला. चित्रांमुळे खटला जिंकला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो 1976 च्या कायद्याच्या कलमांवर जिंकला. परंतु पाण्यावरही मालकी असू शकते ही कल्पना शहरी ऑस्ट्रेलियाच्या कानी आणि डोळ्यांसमोर आणण्याचे काम त्या सालींनी बारा वर्षे आधी सुरू केले होते.

आता तेथून हजाराहून अधिक किलोमीटर नैर्ऋत्येला, वाळवंटात.

ग्रेट सँडी डेझर्ट हे पश्चिम ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण वाळवंट. लांबच लांब, एकमेकींना समांतर अशा तांबड्या वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये दडलेले पाणवठे. त्यांतले जे कधीच आटत नाहीत त्यांना 'जिला' म्हणतात. प्रत्येक जिलात एक सर्परूपी पूर्वज राहतो, तो पाऊस धाडतो, आणि त्याच्याशी कोणी कसे बोलायचे याचे नियम आहेत. वालमाजारी, वांकाजुंगा, मंगाला, जुवालिन या भाषा बोलणारे लोक येथे राहत. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड कॅनिंग या भूमापकाने या वाळवंटातून गुरे हाकण्याचा मार्ग आखला. पाणी कुठे आहे हे कळावे म्हणून त्याच्या तुकडीने स्थानिक माणसांना पकडून साखळ्या घातल्या. त्यावर 1908 मध्ये चौकशी आयोगही बसला. कॅनिंग निर्दोष सुटला. कित्येक जिलांच्या जागी विहिरी खोदून त्यांना क्रमांक देण्यात आले. पुढच्या काही दशकांत वाळवंटातील लोक उत्तरेकडच्या गुरांच्या मळ्यांवर कामाला गेले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत फिट्झरॉय क्रॉसिंग या गावाच्या आसपास येऊन राहिले. वाळवंट जवळजवळ रिकामे झाले.

1992 च्या माबो निकालाने ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅकबर्न यांचा मुद्दा उलटवला आणि मूळ रहिवाशांचा भूमी हक्क प्रथमच मान्य केला. 1993 च्या कायद्याने दावे ऐकण्याची व्यवस्था झाली. पण अट अशी की, आपले त्या भूमीशी पारंपरिक नाते अखंड आहे हे दावेदारांनी सिद्ध करायचे. ज्यांना तीस-चाळीस वर्षांपूर्वी वाळवंट सोडावे लागले त्यांनी हे सिद्ध करायचे, ज्यांची तिसरी किंवा चौथी भाषा इंग्रजी त्यांनी इंग्रजी कायद्याच्या परिभाषेत, आणि ज्यांच्या नकाशात रेघा नसून पाणवठे असतात त्यांनी सीमारेषा दाखवून.

ङुरारा लोकांनी 1996 मध्ये दावा दाखल केला. ङुरारा म्हणजे आपला मुलूख, आपले घर. वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा लक्षात आले की वकील काय बोलतात ते वडीलधाऱ्यांना कळत नाही, आणि वडीलधारे काय सांगतात ते वकिलांना. फिट्झरॉय क्रॉसिंगला मांकाजा नावाचे कलाकेंद्र होते आणि दावेदारांतील अनेक जण तेथे चित्रे काढत. ङाराल्जा टॉमी मे, पीटर स्किपर, निर्लपिर स्पायडर स्नेल ही त्यांतली मोठी नावे. आपण सगळ्यांनी मिळून एकच चित्र काढू आणि गोऱ्यांना ते दाखवू, असे ठरले. पहिला कॅनव्हास 1996 मध्येच झाला, पण त्याने समाधान झाले नाही. मुलूख त्यावर नीट मावला नव्हता.

मे 1997 मध्ये वाळवंटाच्या कडेला, पिर्निनी येथे, दुसरा कॅनव्हास जमिनीवर अंथरला गेला. आठ मीटर रुंद, दहा मीटर लांब. मुंबईतल्या कित्येक कुटुंबांचे अख्खे घर मावेल आणि वर जागा उरेल, इतका. चाळीसहून अधिक स्त्री-पुरुष त्यावर बसले. भिंतीवरच्या चित्रासारखे समोर उभे राहून हे चित्र काढता येण्यासारखे नव्हते. त्याच्या आत बसूनच काढायचे होते. प्रत्येकाने आपला जिला कुठे येतो ते आधी बोलून निश्चित केले आणि तेथे बसून बाहेरच्या दिशेने रंगवायला सुरुवात केली. एकाचा रंग जेथे दुसऱ्याच्या रंगाला येऊन भिडला तेथे चर्चा झाली, वादही झाले. कारण तेथे दोन चित्रशैलींचा नव्हे, दोन घराण्यांच्या अधिकारांचा सांधा होता. काम चालू असताना लोक आपापल्या जागेची गाणी म्हणत. कॅनिंगचा मार्गही चित्रात आला, एका बाजूने जाणारी एक रेघ म्हणून. शंभर वर्षे सरकारी नकाशात तो मार्ग ठळक आणि पाणवठे हे त्यावरचे क्रमांक होते. येथे पाणवठे भले मोठे, झळाळते, आणि मार्ग एक बारीक रेघ.

सगळ्या चित्राला एक 'वरची बाजू' नाही, हेही सांगायला हवे. ज्याने जेथे बसून रंगवले त्याच्या दृष्टीने तेथून ते सुलटे आहे. कॅनव्हासभोवती फिरल्याखेरीज तो वाचता येत नाही.

राष्ट्रीय भूमी हक्क न्यायाधिकरणाचे सदस्य पिर्निनीला आले. त्यांच्यासमोर एकेक दावेदार उठला, कॅनव्हासवरून चालत गेला आणि आपण रंगवलेल्या भागावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. माझे आईवडील येथले, मी येथे पाणी प्यायलो, या जिलाचे नाव असे, त्यातला पूर्वज असा. मग त्याचे इंग्रजीत भाषांतर झाले. कित्येक वर्षांत प्रथमच क्रम उलटला होता. आधी साक्षीदाराची भाषा, मग अधिकाऱ्याची. भाषांतरासाठी थांबावे लागले ते अधिकाऱ्यांना. न्यायाधिकरणाच्या एका सदस्याने पुढे या कॅनव्हासचे वर्णन आजवर समोर आलेला सर्वात बोलका पुरावा या अर्थाच्या शब्दांत केले.

इतके होऊनही निकालाला दहा वर्षे लागली. कॅनव्हासमुळे दावा एका दिवसात सुटला अशी कथा सांगायला सोयीची आहे, पण ती खरी नाही. मानववंशशास्त्रज्ञांचे अहवाल, वंशावळी, राज्य सरकारशी वाटाघाटी हे सगळे रीतसर करावे लागलेच. 9 नोव्हेंबर 2007 रोजी संघीय न्यायालय पिर्निनीलाच भरले आणि सुमारे 77 हजार चौरस किलोमीटर भूमीवर ङुरारा लोकांचा अनन्य हक्क मान्य झाला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांशाएवढा हा प्रदेश आहे. न्यायमूर्तींनी हक्क 'दिला' नाही. तो आधीपासून होता असे 'मान्य केले'. कायद्याच्या भाषेत तेवढा फरक आता पडला होता.

कॅनव्हासवर बसलेल्यांपैकी अनेक जण तोवर उरले नव्हते. ङार्ता जिनी बेंट 2002 मध्ये वारल्या. मुलगी असताना त्यांनी वाळवंटात कित्येक महिने एकटीने काढले होते. त्यांची बहीण जुकुना मोना चुगुना प्रौढपणी आपली वालमाजारी भाषा लिहायला शिकल्या आणि त्यांनी स्वतःची जीवनकथा त्याच भाषेत लिहिली. 2004 मध्ये दोघी बहिणींच्या कथा एकत्र पुस्तकरूपाने आल्या. चित्र, साक्ष आणि लेखन ही तीन वेगळी क्षेत्रे आहेत असे या बायकांना कधी वाटल्याचे दिसत नाही.

कलेच्या जगाने अर्थातच या कॅनव्हासची दखल घेतली. तो संग्रहालयांत गेला, त्याची छायाचित्रे पुस्तकांत आली, समकालीन सामूहिक कलेचे ठळक उदाहरण म्हणून त्यावर लिहिले गेले. यात गैर काही नाही. मात्र संग्रहालयात 'कृपया हात लावू नका' अशी पाटी असते, आणि हा कॅनव्हास पायांखाली घ्यायचा आहे. त्यावर उभे राहूनच बोलता येते. स्पायडर स्नेल आपल्या कुर्ताल या जिलाचे नृत्य करत, तेही कॅनव्हासवर पाय आपटत. 2015 च्या 'पुटुपारी अँड द रेनमेकर्स' या माहितीपटात स्नेल आणि त्यांचा नातू यांच्या वाळवंटातल्या परतीच्या प्रवासांबरोबर या कॅनव्हासचीही हकिकत येते.

दरम्यान सालीवर लिहिण्याची प्रथा राज्यव्यवहारात रुळली होती. 1988 मध्ये बारुंगा येथे पंतप्रधान बॉब हॉक यांना दिलेले निवेदनही रंगवलेल्या किनारीचे होते, आणि त्यात आर्नहेम लँड व मध्य वाळवंट अशा दोन परंपरांची चित्रे शेजारी शेजारी आली. हॉक यांनी कराराचे आश्वासन दिले. करार झाला नाही. निवेदन 1991 मध्ये संसद भवनात टांगले गेले, आणि तो हॉक यांच्या पंतप्रधानपदाच्या अखेरच्या कामांपैकी एक ठरला. 2017 च्या उलुरू निवेदनाभोवतीही चित्रे आणि सह्या आहेत. त्यातील मुख्य मागणीवर 14 ऑक्टोबर 2023 रोजी सार्वमत झाले आणि ती फेटाळली गेली. सत्तेला चित्र स्वीकारणे नेहमीच सोपे गेले आहे. चित्राला चौकट करता येते.

1963 च्या चार सालींपैकी दोन संसद भवनात आहेत आणि एक राष्ट्रीय संग्रहालयात. चौथी कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हती. ती एका खाजगी घरात सापडली आणि 2023 च्या अखेरीस, साठ वर्षांनी, यिर्कलाला परतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गलारवुय युनुपिंगू यांचे निधन झाले होते. त्याआधी त्यांनी, गोव्ह द्वीपकल्पावरील खाणीसाठी गुमाच कुळाची जमीन योग्य मोबदल्याविना घेतली गेली, असा दावा केंद्र सरकारविरुद्ध लावला होता. 12 मार्च 2025 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. मूळ रहिवाशांचा भूमी हक्क हीदेखील मालमत्ता आहे, आणि ती घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यावाच लागेल, असे न्यायालयाने म्हटले. 1971 मध्ये ज्या शब्दात गुमाच लोक बसत नव्हते, तोच हा शब्द. मोबदला किती, हे ठरवण्याचे काम त्यानंतर खालच्या न्यायालयाकडे गेले.